आधी वस्तू नक्की करा, मग भाव बघा

दोन वेबसाइटवर एकच लॅपटॉप दिसत होता. नाव तेच, फोटो तोच, प्रोसेसर तोच, रॅमही तेवढीच. एकीकडे किंमत बारा टक्क्यांनी कमी होती, म्हणून मी तिथून घेतला. पहिल्याच दिवशी खिडकीजवळ बसून काम करायला गेलो तर स्क्रीनवरची अक्षरं धड दिसेनात. शोधाशोध केल्यावर कळलं की त्या एकाच नावाखाली कंपनी दोन वेगळे स्क्रीन विकते. एकाचा उजेड २५० निट्स, दुसऱ्याचा ४००. नावापुढच्या लांबलचक पार्ट नंबरातली शेवटची तीन-चार अक्षरं तेवढी वेगळी होती, आणि दोन्ही विक्रेत्यांनी तो नंबर पानाच्या तळाशी दिलेलाही होता. फसवणूक कोणीच केली नव्हती. दोन वेगळ्या वस्तूंच्या किमती शेजारी ठेवून मी त्यातली एक ‘स्वस्त’ ठरवली होती.

त्यानंतर मी माझा क्रमच बदलला. आपल्यापैकी बहुतेक जण सर्चमध्ये वस्तूचं नाव टाकतात, ‘कमी किंमत आधी’ असा क्रम लावतात आणि वरून खाली बघत जातात. मी आता किंमत शेवटी बघतो. आधी गरज, मग त्या वस्तूची माहिती, मग नेमकं मॉडेल, मग ते वापरणाऱ्यांचा अनुभव, आणि हे सगळं झाल्यावर भाव. याला वेळ जास्त लागेल असं वाटतं, पण एका वस्तूवर मन बसलं की भाव शोधायला पंधरा मिनिटं पुरतात. वेळ खातं ते चाळीस टॅब उघडून त्यांत हेलपाटे घालणं.

ब्राउझर उघडण्याआधी

एक कागद घ्या. त्यावर वस्तू कशासाठी हवी आहे ते एका वाक्यात लिहा. ‘प्रिंटर हवा’ एवढ्याने भागत नाही. ‘महिन्याला साधारण शंभर पानं, बहुतेक काळी-पांढरी, फोनवरून प्रिंट देता आली पाहिजे’ असं लिहिलं की निम्मी निवड तिथेच होते. त्याखाली तीन रकाने करा: हवंच, असलं तर बरं, नसलं तरी चालेल.

मोजमापं याच वेळी घ्या. वॉशिंग मशीन असेल तर ठेवायची जागाच नव्हे, ते जिथून आत येणार त्या दाराचीही रुंदी मोजा. मॉनिटर असेल तर टेबलाची खोली, खुर्ची असेल तर टेबलाच्या खालच्या कडेची उंची. पैशाची वरची मर्यादाही लिहून टाका, आणि ती डिलिव्हरी, कर, लागणाऱ्या केबली-कव्हरांसकट धरा.

हे सगळं आधीच लिहायचं कारण साधं आहे. एकदा जाहिराती वाचायला लागलो की ‘असलं तर बरं’मधल्या गोष्टी गुपचूप ‘हवंच’च्या रकान्यात जाऊन बसतात. कागद समोर असला तर हे लगेच दिसतं.

आकडे काय सांगतात ते समजून घ्या

आता त्या वस्तूची भाषा शिकायची. ‘अमुक कसं निवडावं’ अशा धर्तीवर शोधा आणि दोन-तीन वेगवेगळे लेख वाचा. ब्रँडची शिफारस सोडून द्या. कोणते गुणधर्म महत्त्वाचे आहेत आणि का, एवढंच टिपून घ्या. कुठल्याही वस्तूत खरा फरक पाडणारे गुणधर्म चार-पाचच असतात. बाकीचे रकाने भरण्यासाठी असतात.

पॉवर बँकेचं उदाहरण घेऊ, कारण त्यात आकडा खरा असूनही समजूत चुकते. डब्यावर १०,००० एमएएच लिहिलेलं असतं. हा आकडा आतल्या सेलचा, आणि तो साधारण ३.७ व्होल्टला मोजलेला असतो. म्हणजे ऊर्जा झाली ३७ वॉट-तास. फोनला जाणारा विद्युतदाब मात्र ५ व्होल्ट असतो. ३७ ला ५ ने भागलं की ७,४०० एमएएच उरतात, आणि रूपांतरात वाया जाणारी ऊर्जा वजा केली की प्रत्यक्ष हाती येतं ते साधारण सहा-साडेसहा हजार. चांगल्या कंपन्या बारीक अक्षरांत ‘रेटेड कपॅसिटी’ म्हणून हा खालचा आकडा छापतात. दोन पॉवर बँकांची तुलना करताना किमतीला या आकड्याने भागा. वरच्या मोठ्या आकड्याने भागलं तर ज्याने खरा आकडा छापला तोच महाग दिसतो.

हीच रीत खोटं पकडायलाही उपयोगी पडते. समजा, कुणी ५०,००० एमएएचची पॉवर बँक विकतोय आणि वजन दिलंय ३०० ग्रॅम. ५०,००० एमएएच म्हणजे १८५ वॉट-तास. आज बाजारात मिळणाऱ्या चांगल्यात चांगल्या लिथियम-आयन सेलमध्ये किलोमागे साधारण २५० ते ३०० वॉट-तास मावतात. म्हणजे नुसते सेलच ६०० ग्रॅमच्या वर जायला हवेत. मग ३०० ग्रॅमचा डबा तेवढी ऊर्जा आणणार कुठून? अशा वस्तूच्या पानावर पाच हजार रिव्ह्यू असले तरी पुढे वाचायची गरज नाही.

असे आकडे प्रत्येक वस्तूत असतात. वस्तूत धूळ-पाणी शिरणार नाही हे सांगणाऱ्या आयपी६७ या खुणेतला ६ धुळीसाठी आणि ७ पाण्यासाठी असतो. त्या ७ चा अर्थ एक मीटर खोल पाण्यात तीस मिनिटं. ‘वॉटरप्रूफ’ या नुसत्या शब्दामागे असा कुठलाच आकडा नसतो. १ टेराबाइटची डिस्क विंडोजमध्ये ९३१ जीबी दिसते, त्यात लबाडी नाही, मोजायची पद्धत वेगळी आहे. यूएसबी-सीचं टोक मात्र खरंच फसवं आहे. दिसायला अगदी सारख्या दोन केबलींपैकी एक सेकंदाला ४८० मेगाबिट वाहून नेते आणि दुसरी ४० गिगाबिट. टोकाचा आकार बघून काहीच कळत नाही, वेग लिहिलेला शोधावाच लागतो.

आणखी एक सवय लावून घ्या: विकत घेण्याआधी मॅन्युअल वाचा. बहुतेक कंपन्या ते पीडीएफच्या रूपात आपल्या वेबसाइटवर ठेवतात. जाहिरातीचं पान काय जमतं ते सांगतं. मॅन्युअलमध्ये काय करू नये, काय दर महिन्याला साफ करावं लागतं, कुठला भाग किती दिवसांनी बदलायचा, हे सगळं असतं. मी एकदा हवा शुद्ध करणारं यंत्र घ्यायच्या बेतात होतो. मॅन्युअलमध्ये फिल्टर सहा महिन्यांनी बदलायला सांगितलं होतं, आणि त्या फिल्टरची किंमत यंत्राच्या पावपट. जाहिरातीच्या पानावर याचा उल्लेखही नव्हता.

नेमकं मॉडेल पकडा

दोन-तीन पर्याय डोळ्यासमोर आले की त्यांचे पूर्ण मॉडेल नंबर कागदावर उतरवा, एकही अक्षर न गाळता. आधी कंपनीच्या स्वतःच्या वेबसाइटवर जा आणि तिथला नंबर खरा धरा. शेवटचं एखादं अक्षर रंग दाखवतं, एखादं देश, एखादं प्लगचा प्रकार, आणि एखादं माझ्या लॅपटॉपसारखा स्क्रीन. काही वेळा मोठ्या दुकानांच्या साखळीसाठी कंपनी जवळजवळ तसंच पण वेगळ्या नंबरचं मॉडेल बनवते. ते दुसरीकडे कुठे मिळतच नाही, त्यामुळे भावाची तुलना करायलाही जागा राहत नाही.

मॉडेल नंबराइतकाच भरवशाचा असतो बारकोडखालचा आकडा. तो बहुतेक ठिकाणी १३ अंकी असतो आणि जगात एकाच प्रकारच्या वस्तूला दिलेला असतो. पुस्तकांवरचा आयएसबीएनसुद्धा २००७ पासून १३ अंकी आहे. अ‍ॅमेझॉनवर मात्र त्यांचा स्वतःचा दहा अक्षरी क्रमांक असतो, तो फक्त तिथेच चालतो.

आता हा नंबर सर्चमध्ये टाकताना दुहेरी अवतरणचिन्हांत टाका. त्यामुळे सर्च इंजिन ‘साधारण असंच काहीतरी’ न दाखवता तेवढ्याच अक्षरांची पानं शोधतं. निकालात नको असलेल्या गोष्टी येत असतील, समजा कव्हर किंवा सुटे भाग, तर त्या शब्दाच्या आधी वजाचं चिन्ह जोडा, मध्ये जागा न सोडता. एकाच वेबसाइटमध्ये शोधायचं असेल तर इंग्रजी अक्षरांत ‘साइट’, लगेच कोलन आणि लगेच त्या वेबसाइटचा पत्ता लिहा. दुकानांच्या आतल्या सर्चपेक्षा हा मार्ग पुष्कळदा चांगला ठरतो, कारण आतलं सर्च आपल्याला जे विकायचंय ते आधी दाखवतं.

ज्या वस्तूंना धड मॉडेल नंबरच नसतो त्यांचं काय? छोटे दिवे, स्टँड, फोनच्या वस्तू, किचनमधली उपकरणं, यांत पुष्कळदा एकाच कारखान्यातला माल वीस नावांनी विकला जातो. इथे फोटो कामाला येतो. वस्तूचा फोटो गूगल लेन्स किंवा टिनआय या फोटोवरून शोधणाऱ्या सेवांमध्ये टाका. तोच फोटो, तीच सावली, तोच कोन, फक्त कोपऱ्यातलं नाव वेगळं, अशी दहा पानं समोर आली की किमतीतला फरक कशाचा आहे ते आपोआप कळतं. मात्र फोटो सारखा म्हणजे आतला मालही सारखा, असं धरून चालू नका. अशा वेळी मी किमतीपेक्षा परत घेण्याची अट कुणाची सोपी आहे ते बघून ठरवतो.

चाचणी कोणी केली?

‘या वर्षीचे सर्वोत्तम दहा’ अशा लेखांनी सर्चचं पहिलं पान भरलेलं असतं. त्यातल्या बऱ्याच लेखांत लेखकाने वस्तू हातातही घेतलेली नसते. ओळखायचं कसं? स्वतः काढलेले फोटो आहेत का बघा. मोजलेले आकडे आहेत का, आणि कसे मोजले ते सांगितलंय का बघा. एखादी तरी वस्तू घेऊ नका असं म्हटलंय का, हे तर नक्कीच बघा. दहाच्या दहा उत्तम असतील तर तो लेख सल्ला देत नाहीये, माल खपवतोय.

अशा लेखांतल्या लिंकवरून तुम्ही खरेदी केली की लिहिणाऱ्याला कमिशन मिळतं. कमिशन मिळतं म्हणून सल्ला खोटाच, असं मी म्हणणार नाही. वस्तू वापरून बघून सल्ला देणारी वायरकटरसारखी वेबसाइट याच पैशावर उभी राहिली आणि २०१६ मध्ये ती न्यूयॉर्क टाइम्सने घेतली. त्यांचे लेख वाचले तर कोणत्या वस्तू का बाद केल्या तेही सविस्तर लिहिलेलं असतं. पण कमिशनच्या लेखात ‘काहीही घेऊ नका, जुनंच वापरा’ हा सल्ला सहसा येत नाही, एवढं लक्षात असू द्या.

ग्राहकांच्या बाजूने चाचण्या करणाऱ्या जुन्या संस्था वेगळ्या. अमेरिकेत १९३६ पासून कन्झ्युमर रिपोर्ट्स, ब्रिटनमध्ये १९५७ पासून विच?, जर्मनीत १९६४ पासून श्टिफ्टुंग वारेनटेस्ट. या संस्था चाचणीच्या वस्तू बाजारातून विकत घेतात. त्यांच्या निकालांचा बराच भाग वर्गणीदारांसाठी असतो, पण चाचणी कशी केली आणि कशाला किती महत्त्व दिलं हे वाचलं तरी आपल्या कागदावर दोन चांगले प्रश्न वाढतात. टीव्ही, मॉनिटर, हेडफोन यांसाठी आर्टिंग्ज या वेबसाइटची मोजमापं मला फार उपयोगी पडली आहेत. फोनच्या मॉडेलांतले फरक शेजारी-शेजारी बघायला जीएसएमअरीना आहे. दुरुस्ती किती सोपी, यावर आयफिक्सइट दहापैकी गुण देते.

एआय चॅटबॉटला विचारावं का? जरूर विचारा, पण योग्य गोष्ट विचारा. ‘ही वस्तू घेताना कोणते प्रश्न विचारावेत’, ‘या दोन तंत्रांत फरक काय’ यांची उत्तरं चांगली मिळतात. मॉडेल नंबर, आजची किंमत आणि वॉरंटीच्या अटी मात्र मूळ पानावर जाऊन स्वतःच्या डोळ्यांनी वाचा. या गोष्टी तो पूर्ण आत्मविश्वासाने चुकीच्या सांगू शकतो.

रिव्ह्यू वाचण्याची रीत

सरासरी तारे बघून निर्णय घेऊ नका. आठ जणांनी दिलेले पाचपैकी पाच तारे आणि दोन हजार जणांनी दिलेले ४.३, यांत मी दुसऱ्यावर विश्वास ठेवतो. त्याहून महत्त्वाचं म्हणजे ताऱ्यांची विभागणी. बहुतेक वस्तूंना पाच ताऱ्यांचा मोठा ढीग आणि एक ताऱ्याचा छोटा ढीग असतो. एक ताऱ्याचा ढीग कशाने बनलाय ते वाचा. डबा चेपलेला आला, कुरियरवाला उशिरा आला, रंग वेगळा वाटला, अशा तक्रारी असतील तर त्यात वस्तूचा दोष नाही. पण वीस जण वेगवेगळ्या शब्दांत ‘सातव्या-आठव्या महिन्यात चार्जिंगचं पिन ढिलं झालं’ असं म्हणत असतील तर ते पिन तुमच्याकडेही ढिलं होण्याची शक्यता मोठी.

मी आधी तीन ताऱ्यांचे वाचतो. रागही नसतो आणि नव्याची नवलाईही नसते. त्यानंतर क्रम ‘नवीन आधी’ असा लावतो, कारण कंपन्या नाव तेच ठेवून आतले भाग बदलतात. एसएसडीमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरच्या साठवणुकीच्या वेगवान डिस्कमध्ये, हे अनेकदा घडलंय. दोन वर्षांपूर्वीचं कौतुक तेव्हाच्या मालाचं असतं.

खरा रिव्ह्यू कसा असतो? एका इलेक्ट्रिक किटलीचं बघू. एक लिहितो: ‘अप्रतिम प्रॉडक्ट, पैसा वसूल, डिलिव्हरी झटपट, सगळ्यांनी घ्यावं.’ दुसरा लिहितो: ‘आठ महिने रोज दोनदा वापरतोय. झाकणाच्या रबराचा वास जायला पंधरा दिवस लागले. अर्ध्याहून जास्त भरली तर ओतताना थेंब बाहेरून ओघळतो. बाकी तक्रार नाही.’ पहिल्या रिव्ह्यूमधलं ‘प्रॉडक्ट’ काढून तिथे बूट, दिवा, चादर काहीही घाला, वाक्य तसंच चालेल. दुसरा फक्त त्याच किटलीबद्दल असू शकतो. ही कसोटी मला इतर कुठल्याही युक्तीपेक्षा जास्त उपयोगी पडते.

आणखी काही खुणा आहेत. दोन-तीन दिवसांत अचानक शेकडो पाच तारे. एकच वाक्य वेगवेगळ्या नावांनी. वस्तू आहे हेडफोन आणि जुने रिव्ह्यू फोनच्या काचेबद्दल, म्हणजे दुसऱ्याच वस्तूच्या पानावर नवा माल चढवून तिचे तारे पदरात पाडून घेतलेत. खोटे रिव्ह्यू ओळखून देणारी फेकस्पॉट ही सेवा फायरफॉक्स ब्राउझर बनवणाऱ्या मोझिलाने २०२५ मध्ये बंद केली, त्यामुळे हे काम आता बरंचसं आपल्याच डोळ्यांवर आहे. अमेरिकेत खोटे रिव्ह्यू विकण्या-विकत घेण्यावर बंदी घालणारा नियम ऑक्टोबर २०२४ पासून लागू झाला. तरीही प्रत्येक पान तपासणारं कोणी नसतं. म्हणून तेच मॉडेल दुकानाबाहेरही शोधा: नंबरापुढे ‘प्रॉब्लेम’, ‘एक वर्षानंतर’ किंवा ‘दुरुस्ती’ असे शब्द जोडून. दुरुस्ती करणाऱ्यांचे व्हिडिओ इथे फार मोलाचे असतात. कुठला भाग सारखा बिघडतो ते त्यांना रोजच्या कामातून माहीत असतं.

आता भाव

कागदावर एक किंवा दोन मॉडेल उरली की भाव शोधायला बसा. गूगल शॉपिंगसारखी किंमत-तुलना सेवा सुरुवातीला ठीक आहे. पण ती यादी म्हणजे सगळा बाजार नव्हे. वर दिसणाऱ्या नोंदी अनेकदा जाहिराती असतात, ‘प्रायोजित’ हा बारीक शब्द शोधा. आपलीच तुलना-सेवा इतरांच्या वर दाखवल्याबद्दल युरोपीय आयोगाने २०१७ मध्ये गूगलला २.४२ अब्ज युरोंचा दंड केला होता. म्हणून तुलना करणाऱ्या किमान दोन सेवा बघा आणि कंपनीची स्वतःची वेबसाइट तिसरी धरा.

प्रत्येक ठिकाणी वस्तू कार्टमध्ये टाका, पत्ता भरा, आणि पैसे देण्याच्या आधीच्या पानावरचा अंतिम आकडा कागदावर घ्या. पानावरची किंमत आणि हा आकडा यांत डिलिव्हरी, पॅकिंग, हाताळणी, कर असं काहीही शिरतं. परदेशातून येणार असेल तर आयातकर वेगळा पडू शकतो. आकड्याशेजारी विक्रेता कोण, वॉरंटी कोणाची, परत करायला किती दिवस आणि परतीचा खर्च कोणाचा, हेही लिहा. चार टक्के स्वस्त पण परत घेत नाही, असा सौदा मी सोडून देतो.

सवलतीच्या टक्केवारीकडे बघू नका, कारण ती खोडलेल्या किमतीवर काढलेली असते. छापील किंमत १०० धरा. वस्तू वर्षभर ६२ ला विकली जाते आणि सेलमध्ये ५८ ला येते. पानावर लिहिलेलं असतं ‘४२ टक्के सूट’. खरी सूट ६२ वर ४, म्हणजे साडेसहा टक्के. युरोपीय संघात मे २०२२ पासून नियम आहे की सवलत जाहीर करताना आधीच्या ३० दिवसांतली सर्वांत कमी किंमत आधार म्हणून दाखवायची. जिथे असा नियम नाही तिथे हे आपणच शोधायचं. अ‍ॅमेझॉनवरच्या वस्तूंसाठी कॅमलकॅमलकॅमल आणि कीपा या दोन सेवा किमतीचा जुना आलेख दाखवतात. कीपा ब्राउझरमध्ये बसवली की आलेख वस्तूच्या पानावरच दिसतो. इतर दुकानांसाठी इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये त्या पानाचा पत्ता टाकून बघा. प्रत्येक पान साठवलेलं नसतं, पण असलं तर गेल्या वर्षीची किंमत तारखेसकट समोर येते.

आलेखात बघायच्या गोष्टी दोनच. किंमत बहुतेक दिवस कुठे राहते, आणि खाली येते तेव्हा कुठपर्यंत व किती वेळा. दर दोन-तीन महिन्यांनी ५५ ला येणारी वस्तू आज ६२ ला असेल आणि घाई नसेल तर ५६ चा अलर्ट लावा आणि विसरून जा. सेलच्या आधी चार-सहा आठवडे किंमत हळूच वर चढलेली दिसली तर ती ‘सूट’ कुठून आली ते कळतं.

कूपन एकावर एक लावताना दहा टक्के आणि दहा टक्के मिळून वीस होत नाहीत: १०० चे ९०, ९० चे ८१, म्हणजे एकोणीस. कॅशबॅकची कमाल मर्यादा आणि तो कधी, कुठल्या रूपात मिळणार हे बारीक अक्षरांत असतं. पुढच्या खरेदीतच वापरता येणारा कॅशबॅक मी किमतीतून वजा करत नाही.

वापराचा खर्च

प्रिंटरकडे परत येऊ, कारण इथे स्वस्त वस्तू सगळ्यात महाग पडते. पहिल्या प्रिंटरची किंमत १०० धरा, कार्ट्रिजची २५, आणि एका कार्ट्रिजमध्ये १५० पानं. दुसऱ्या, शाईच्या टाकीवाल्या प्रिंटरची किंमत १८०, आणि सोबत आलेल्या शाईत काही हजार पानं निघतात. पहिल्याचा पानामागे खर्च २५ भागिले १५०, म्हणजे सुमारे ०.१७. किमतीतला फरक ८०. तो ४८० पानांत भरून निघतो. महिन्याला शंभर पानं काढणाऱ्याचे पैसे पाच महिन्यांत वसूल होतात, आणि ३,००० पानांना पहिल्याचा एकूण खर्च ६०० होतो, दुसऱ्याचा अजूनही १८० च्या आसपास असतो. पण महिन्याला दहाच पानं काढणाऱ्याला तेवढ्यासाठी चार वर्षं लागतील, आणि तोवर न वापरलेली शाई वाळून नळ्या तुंबण्याची भीती राहते. त्याने काळा-पांढरा लेझर प्रिंटर बघावा.

म्हणजे एकच उत्तर सगळ्यांसाठी नाही. कागदावर लिहिलेलं ते पहिलं वाक्यच उत्तर ठरवतं. हाच हिशोब फिल्टर, ब्लेड, बॅटऱ्या, वर्गणी मागणारी अ‍ॅप, विजेचा खर्च यांना लावा. पाकीटबंद वस्तूंना तर नेहमीच ग्रॅममागे किंवा नगामागे दर काढा. मोठं पाकीट स्वस्तच असतं असं नाही.

दुकान खरं आहे ना?

सगळीकडे ६० ला असलेली वस्तू अनोळखी वेबसाइटवर २५ ला दिसली तर आनंद होण्याआधी थांबा. पत्त्याच्या पट्टीतलं कुलूप हे प्रामाणिकपणाचं चिन्ह नाही. त्याचा अर्थ फक्त एवढाच की तुमची माहिती वाटेत कोणी वाचू शकत नाही. चोराच्या वेबसाइटलाही कुलूप मिळतं. हाच गैरसमज होतो म्हणून क्रोमने २०२३ मध्ये ते चिन्हच काढून टाकलं. त्याऐवजी डोमेन, म्हणजे वेबसाइटचं नाव, कधी नोंदलं ते बघा. अशा नावांची व्यवस्था बघणाऱ्या आयकॅन या संस्थेच्या वेबसाइटवर ही सोय मोफत आहे. ‘वीस वर्षांचा विश्वास’ सांगणाऱ्या दुकानाचं डोमेन तीन आठवड्यांपूर्वीचं असेल तर पुढे जाऊ नका. पत्ता नकाशावर शोधा, ‘आमच्याबद्दल’मधलं एखादं वाक्य अवतरणात टाकून सर्च करा, दुकान खोटं असेल तर पुष्कळदा तेच वाक्य दहा दुकानांच्या पानांवर सापडतं. पैसे परत मागता येत नाहीत अशाच मार्गाने द्या म्हणत असतील तर पान बंद करा.

मोठ्या बाजारपेठेच्या वेबसाइटवर वस्तू कोण विकतोय हे वेगळं बघावं लागतं. एकाच पानावर अनेक विक्रेते असतात, आणि ‘आता खरेदी करा’ या बटणामागचा विक्रेता उद्या बदलू शकतो.

घाईच्या क्षणी

‘फक्त २ शिल्लक’, ‘आत्ता १७ जण बघताहेत’, उलटा चालणारा काउंटर. २०१९ मध्ये प्रिन्स्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी सुमारे ११ हजार खरेदीच्या वेबसाइट तपासल्या. त्यात अशा दबावाच्या आणि दिशाभूल करणाऱ्या युक्त्यांची १,८१८ उदाहरणं सापडली, आणि काही काउंटर संपले तरी ऑफर तशीच चालू राहत होती. काउंटर दिसला की पान ताजं करा किंवा दुसऱ्या ब्राउझरमध्ये उघडा. तो पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला तर काय समजायचं ते तुम्हीच ठरवा.

पैसे देण्याआधी कार्ट एकदा नीट वाचा: आपोआप जोडलेला विमा, वाढीव वॉरंटी, आधीच टिक केलेलं सदस्यत्व. मग वस्तूचं पान, अंतिम किंमत आणि परत घेण्याच्या अटी यांचे स्क्रीनशॉट घ्या. दुसऱ्या दिवशी पान बदललं तर हातात एवढाच पुरावा असतो.

छोट्या, स्वस्त वस्तूसाठी हा सगळा खटाटोप करू नका. तिथे मॉडेल, तीन ताऱ्यांचे पाच रिव्ह्यू आणि अंतिम किंमत एवढं बघितलं तरी पुरे.

वस्तू घरी आली की सील फोडण्याआधी खोक्यावरचं लेबल वाचा आणि पार्ट नंबर कागदावरच्या नंबराशी एकेक अक्षर जुळवा. फोनवर त्या लेबलचा फोटो काढून ठेवा. शेवटची अक्षरं जुळत नसतील तर खोकं तसंच बंद ठेवून विक्रेत्याला त्याच दिवशी लिहा. सील शाबूत असताना वस्तू परत करणं सगळ्यात सोपं असतं.